भिंतीवरची हाज्जा

बहीगा : पुसून टाक म्हणते ना मी! आत्ताच्या आत्ता! चुना कुठाय तुझा?

फिक्री : रागेबच्या आई, आधी खाली बसा. काल संध्याकाळी गाडीतून उतरलात, अजून प्रवासाचा शीण गेला नसेल.

बहीगा : माझ्या शिणाचं तू बघू नकोस. घर माझं, भिंत माझी आणि तिच्यावर नाव माझं. कोणाला विचारून लिहिलंस?

फिक्री : नाव मी नाही लिहिलं. खरंच नाही. मी फक्त काबा काढायला सांगितला होता. काबा, एक विमान, एक जहाज आणि जागा उरलीच तर चार खजुराची झाडं. नाव त्या मेतवल्लीनं ठोकून दिलं.

बहीगा : मग बोलाव त्या मेतवल्लीला.

फिक्री : निरोप गेलाय. पेंटर माणूस आहे, त्याच्या सोयीनं येणार.

बहीगा : तोवर तू वाच. मोठ्यानं वाच, मला वाचता येत नाही. काल गल्लीतल्या फौकियाच्या सुनेनं वाचून दाखवलं, तेव्हा मी तिथंच मटकन खाली बसले. बायकांना वाटलं, भरून आलं म्हातारीला.

फिक्री : 'अल्लाहच्या घरी जाऊन आलेली हाज्जा बहीगा. हज कबूल होवो, पापं माफ होवोत.'

बहीगा : कुठे जाऊन आले मी?

फिक्री : सुएझला.

बहीगा : सुएझला! लेकीचं बाळंतपण काढायला! जुळ्यांची दुपटी धुऊन धुऊन कमरेचा काटा ढिला झाला माझा, आणि इथं तू मला हाज्जा करून ठेवलंस?

फिक्री : तोच तर घोळ झाला ना! गल्लीत एवढंच माहीत, बाई सुएझला गेली. सुएझ म्हटलं की लोकांना मक्केचं जहाज आठवतं. त्यात महिना हजचा. त्यात तुमच्या भिंतीवर काबा. लोकांनी काय समजायचं? माणूस हजला गेल्यावरच घरचे अशी भिंत रंगवतात, आल्याबरोबर दिसावी म्हणून. तुमच्या घराला कुलूप, म्हणून शेजारधर्म म्हणून मी रंगवून घेतली, असं लोकांनी आपलं आपणच ठरवलं. लोक येऊन माझी पाठ थोपटायला लागले.

बहीगा : आणि तू पाठ पुढे केलीस.

फिक्री : पहिल्या दिवशी सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी भिंतीकडे बघितलं, तर स्वच्छ. चित्रावर एक रेघ नाही! अहो, किती दिवसांनी ही भिंत मी स्वच्छ बघत होतो. तोंडच उघडेना माझं.

बहीगा : भिंतीसाठी?

फिक्री : 'भिंतीसाठी' काय म्हणता! ही भिंत म्हणजे गल्लीचं तोंड. समोर शाळा, शेजारी बसचा थांबा. ज्याच्या हातात रंग, त्यानं यावं आणि इथं बरबटून जावं. तुम्हीच दारात उभ्या राहून शिव्या घालायच्या ना?

बहीगा : घालायचेच. अजून घालीन.

फिक्री : शिव्यांनी काय होतं? मी आख्ख्या गल्लीची बैठक घेतली. ठरलं, दर शुक्रवारी नमाजनंतर सगळ्यांनी मिळून चुना मारायचा. पहिल्या शुक्रवारी सगळे हजर, लग्नघरासारखी गर्दी. पुढच्या शुक्रवारी मी आणि न्हावी. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी एकटा, आणि न्हावी समोर बसून सांगतोय, इकडे राहिलं, तिकडे राहिलं. शेवटी वर्गणी काढून मेतवल्लीला लावला. चुना वाळतो न वाळतो, तोच त्यावर लाल अक्षरांत 'भौतिकशास्त्राची मगर, पैकीच्या पैकी मार्कांची हमी', खाली फोन नंबर.

बहीगा : मगर?

फिक्री : शिकवणीवाला मास्तर हो. आजकाल साधं नाव कोण लावतो? कोणी रसायनाचा सम्राट, कोणी गणिताचा भूकंप. ही भौतिकशास्त्राची मगर. मी त्या नंबरवर फोन केला. म्हटलं, मास्तर, शिकलेसवरलेले तुम्ही, दुसऱ्याची भिंत घाण करायला लाज वाटत नाही? तर म्हणतो, काका, नातू कितवीला आहे तुमचा? सवलत देतो.

बहीगा : मग?

फिक्री : मग काय, नातू जातो तिकडे. पण तो मुद्दा नाही.

बहीगा : नाही, तो कसा असेल!

फिक्री : मुद्दा हा, की कोरी भिंत दिसली की यांना चेव येतो. आम्ही चुना मारत नव्हतो, यांना पाटी पुसून देत होतो. मग दिवा लावला. दिवा चोरीला गेला. कुंड्या ठेवल्या. त्या न्हाव्याच्या बकरीनं साफ केल्या. नगरपालिकेत तक्रार केली. साहेब आले, मोजमाप घेतलं आणि जाताना काय करून गेले? भिंतीवर काळ्या रंगात तक्रारीचा नंबर टाकून गेले! हा एवढा मोठा! मी हात टेकले, रागेबच्या आई. वर त्या फुटबॉलवाल्या कार्ट्यांचा हिरवा स्प्रे. त्यांना सगळ्या जगात हीच एक भिंत दिसते.

बहीगा : आणि मग तुला काबा सुचला.

फिक्री : तुम्हीच सांगा, हज करून आलेल्याच्या भिंतीवर आख्ख्या एस्ना गावात कोणी कधी काही खरडलंय? पोरं तिथं जाहिरातीचे कागद-बिगदसुद्धा चिकटवत नाहीत. मुतायलासुद्धा कोणी उभं राहत नाही. वाटलं, गल्लीतून यंदा कोणी गेलं नाही तर काय झालं, नुसतं चित्र काढायला कोणाची बंदी आहे?

बहीगा : माझं तोंड बघ, फिक्री. काल काय झालं ते तुला ठाऊक तरी आहे का?

फिक्री : बायकांनी सरबत वाटलं, एवढं ऐकलं.

बहीगा : टुकटुकमधून उतरले नाही तोच बायकांनी जिभा वाजवून गल्ली दणाणून सोडली. मला वाटलं, कोणाचं लग्न आहे. बघते तर मलाच मिठ्या! 'हाज्जा, हाज्जा!' कोणी हात चुंबतंय, कोणी पदर डोळ्यांना लावतंय. एकीनं तापलेलं पोर माझ्या मांडीत ठेवलं, म्हणाली, आत्ताच तिकडून आलात, हात फिरवा याच्यावर. मी फिरवला! काय करणार होते? पोर रडत होतं.

फिक्री : बरं, हात फिरवायला काही हरकत नाही. आजीचाच हात.

बहीगा : अजून झालं नाही. गर्दीतून फौकिया आली. तिच्या नवऱ्याचं तुला माहीतच आहे, दोन्ही मूत्रपिंडं गेलीत, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन आणतात. तिनं माझ्या टोपलीत पाण्याची बाटली बघितली. अर्धी भरलेली. म्हणाली, हे झमझम ना, हाज्जा, मक्केच्या विहिरीचं? आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत बाटली छातीशी धरून पळालीसुद्धा.

फिक्री : मग?

बहीगा : मग काय मग! पाजलं तिनं त्याला! सुएझच्या फलाटावरच्या नळाचं पाणी होतं त्यात! मक्केकडे तोंड करून, अल्लाहचं नाव घेऊन तिनं घोट घोट पाजलं आणि रात्री सुनेला पाठवलं सांगायला, की बाबांना आज जरा झोप लागली, हाज्जाला सांग. मला लागली का झोप? रात्रभर छतावर बसून होते मी.

फिक्री : ...हे मला कोणी सांगितलं नाही.

बहीगा : तू भिंत बघत होतास. सकाळी विकायच्या आंबवलेल्या भाकरी उन्हात फुगत ठेवल्या, तर भाजायच्या आधीच दारात रांग. एरवी माझ्या भाकरीला बोटानं दाबून दाबून बघतात मेल्या, कच्ची आहे, करपली आहे. आज घेतात आणि कपाळाला लावतात. हाज्जाच्या हातची! अल्लाहच्या नावावर मी भाकरी विकतेय, फिक्री. ह्या वयात मला चोर केलंस तू.

फिक्री : चोर काय म्हणता! तुम्ही थोडंच खोटं बोललात?

बहीगा : गप्प बसले ना? तू जन्मभर आगगाडीत टीसी होतास. बढाया मारायचास, बिनतिकिटाचा माणूस मी चेहऱ्यावरून ओळखतो म्हणून. मारायचास का नाही?

फिक्री : मारायचो. ओळखायचोच.

बहीगा : मग मलाच का बिनतिकिटाची मक्केला पाठवलीस? रागेबचा बाप गेला त्या सालापासून दर वर्षी हजच्या सोडतीत नाव घालते मी. दर वर्षी सोडत निघते त्या पोलीस चौकीवर जाऊन बसते, नाव पुकारतात का ऐकायला. तू पण यायचास ना सोबत? तुझ्यासमोर किती वेळा हात हलवत परत आले? आणि त्या घरी मी असं मागच्या दारानं जाऊ?

फिक्री : चुकलं माझं. खरंच चुकलं. हे डोक्यातच आलं नाही, बघा. भिंत, भिंत, भिंत. दुसरं काही दिसेनासंच झालं होतं मला. तो बघा, आला मेतवल्ली शिडी घेऊन.

मेतवल्ली : सलाम, काका. मावशी, हज मुबारक! कालच यायचं होतं हात चुंबायला, पण दुकानाच्या पाट्यांचं काम...

बहीगा : जवळ ये, मुडद्या. कान दे इकडे.

मेतवल्ली : आई गं! मावशी! काय झालं? चित्र आवडलं नाही?

फिक्री : त्या हजला गेल्याच नव्हत्या. मी तुला नाव लिहायला सांगितलं होतं का?

मेतवल्ली : नव्हत्या गेल्या? अहो, मग सांगायचं ना! काबा काढला की खाली नाव लिहायचं, हात आपोआप जातो. बिननावाचा काबा कोणी काढतं का? घर बहीगामावशीचं, नाव बहीगामावशीचं. मी थोडाच शेजारच्या न्हाव्याला हाजी करणार होतो?

बहीगा : पूस ते.

मेतवल्ली : नाव ना? पुसतो की.

बहीगा : सगळं पूस. चुना मार वरपासून खालपर्यंत.

मेतवल्ली : काब्यावर?

बहीगा : हो.

मेतवल्ली : मावशी, मला नका सांगू. हे काका मारतील.

फिक्री : मी? मी का मारू? रंगवलं तू, पुसायचं तू.

मेतवल्ली : रंगवायला हात उचलला, तो वेगळा. त्यावर चुन्याचा ब्रश? उद्या माझ्या हाताला लकवा झाला तर पोरं खातील काय? मी काबा पुसणार नाही. मगरीनं मला किती पटवायला बघितलं, तरी मी काब्याशेजारीसुद्धा लिहिलं नाही.

फिक्री : कोणी पटवायला बघितलं?

मेतवल्ली : ...कोणी नाही.

फिक्री : मगरीनं म्हणालास तू.

मेतवल्ली : ते आपलं... एक मास्तर आहेत.

फिक्री : मेतवल्ली! तो लाल रंग तुझा? ती लफ्फेदार अक्षरं तुझी? गल्लीच्या वर्गणीतून मी तुझ्याकडून चुना मारून घेत होतो आणि तूच...

मेतवल्ली : काका, धंदा आहे. तुम्ही पुसायला सांगता, ते लिहायला सांगतात. दोघांनाही मी कधी नाही म्हटलं नाही. आणि अक्षरं चांगली होती, हे तुम्हीच म्हणाला होतात.

फिक्री : मी म्हणालो होतो, हरामखोराचं अक्षर चांगलं आहे!

मेतवल्ली : तेच.

बहीगा : भांडू नका रे दोघं! डोकं उठलंय माझं. आण तो ब्रश इकडे. मी मारते.

मेतवल्ली : घ्या. बादली जड आहे, मी धरतो.

बहीगा : ही कोण?

मेतवल्ली : कुठली?

बहीगा : ही काब्यापुढे. पांढऱ्या कपड्यातली, ठेंगणी.

मेतवल्ली : तुम्ही. दुसरं कोण?

बहीगा : माझी काठी कुठाय? काठीशिवाय दारापर्यंत जाता येत नाही मला. काठी काढायला विसरलास.

मेतवल्ली : विसरलो नाही, मावशी. आधी काढली होती, मग खोडली. म्हटलं, तिथं पोचल्यावर कशाला लागतेय काठी.

फिक्री : रागेबच्या आई? द्या तो ब्रश. चुना गळतोय पायावर.

बहीगा : हात उठत नाही रे माझा. एवढं जवळ कधी बघितलंच नाही मी स्वतःला त्याच्या.

फिक्री : बघा, आता मारूच नका. नाव तेवढं पुसू. चित्र राहू दे.

मेतवल्ली : पण काका, नाव पुसलं की तिथं पांढरा चौकोन राहणार. एवढी मोठी कोरी जागा! मी नाही लिहिणार, पण ते फुटबॉलवाले? उद्या सकाळपर्यंत हिरवंगार करतील.

फिक्री : मग तू काहीतरी दुसरं लिही तिथं. कुराणातली एखादी आयत लिही.

बहीगा : थांबा. आयत नको. खरं लिहा.

मेतवल्ली : म्हणजे काय लिहू?

बहीगा : लिही, बहीगा अजून गेली नाही.

फिक्री : असं? भिंतीवर? लोक हसतील हो.

बहीगा : हसू देत. हसण्याचं मी सोसेन. माझ्या पाया पडण्याचं नाही सोसवत. लिही, बहीगा अजून गेलेली नाही. वाचणाऱ्यानं तिच्यासाठी दुआ मागावी. बसेल ना एवढं?

मेतवल्ली : बसवतो.

बहीगा : मोठ्या अक्षरांत लिही. मगरीसाठी काढायचास तेवढ्या. आणि फिक्री, तू चल माझ्यासोबत.

फिक्री : कुठे?

बहीगा : फौकियाकडे. बाटलीत काय होतं ते सांगायला. मी सांगेन, तू फक्त शेजारी उभं राहायचं. शिव्या पडतील त्यातल्या निम्म्या तुझ्या.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच भिंतीपुढे.)

फिक्री : कार्टी! नालायक कार्टी! एक रात्र, एक रात्र धीर नाही निघाला! मेतवल्ली, चुना कालव. रंग ओला होता रे अजून!

मेतवल्ली : काका, जरा बघा तरी...

फिक्री : काय बघायचंय? लांबून दिसतोय हिरवा स्प्रे! बोललो नव्हतो मी? खरं लिहा म्हणे! त्या खोट्या काब्यानं महिनाभर भिंत राखली आणि तुमच्या खऱ्यानं एक रात्र नाही राखली!

बहीगा : सकाळी सकाळी कोणाच्या नावानं बोंबलतोयस?

फिक्री : या, तुम्हीच या आणि बघा. तुमच्या ओळीखाली सगळं बरबटून ठेवलंय. आता मी पोलिसांत जातो. ह्या वेळी ऐकणार नाही मी कोणाचं.

बहीगा : फौकियाकडून आले मी. दार उघडलं तिनं आज.

फिक्री : उघडलं? काल तर तोंडावर आपटलं होतं.

बहीगा : उघडलं आणि आधी मनसोक्त शिव्या घातल्या. मग आतून बाटली आणून दिली. धुऊन, पुसून, झाकण लावून. म्हणाली, खरं आणशील तेव्हा ह्यातच आण. नवरा म्हणतोय, तोवर मी थांबतो. ही बघ.

फिक्री : ...थांबतो म्हणाला?

बहीगा : म्हणाला. आता सांग, काय लिहिलंय भिंतीवर?

फिक्री : काय लिहिणार? क्लबचं नाव असेल नेहमीचं.

बहीगा : असेल म्हणजे? वाचलं नाहीस?

फिक्री : वाचायचं काय त्यात! हिरवा रंग दिसला की...

बहीगा : मला वाचता येत नाही, तुला येतं. चष्मा लाव आणि वाच.

फिक्री : हं. हे... हे हिरवं...

बहीगा : काय?

फिक्री : आमीन.

बहीगा : आणि त्याच्या शेजारी ते कोळशाचं?

फिक्री : तेही आमीन. हे खडूचं वेडंवाकडं, हेही तेच. शाळेतल्या कुठल्या तरी पोराचं दिसतंय, शेवटचं नून अक्षर उलटं काढलंय. हे बारीक अक्षर न्हाव्याचं, मी ओळखतो.

बहीगा : आणि ते लाल?

मेतवल्ली : मावशी, आईशप्पथ, तो लाल माझा नाही. मी रात्री घरी होतो.

फिक्री : 'आमीन. भौतिकशास्त्राची मगर.' आणि खाली... खाली फोन नंबर! बघा! बघा ह्याचा निर्लज्जपणा! चुना आण, मेतवल्ली!

बहीगा : नंबर तेवढा पूस. बाकीच्याला हात लावायचा नाही.

फिक्री : अहो पण, गल्लीनं ठराव केलाय! भिंतीवर कोणी, काहीही, विनापरवाना...

बहीगा : भिंत माझी आहे. तो पहिला परत वाच. हिरवा.

फिक्री : आमीन.

बहीगा : असं तिकीट मागितल्यासारखं नको. नीट म्हण.

फिक्री : ...आमीन, रागेबच्या आई. आमीन.